ब्रेकला काहीच झालं नव्हतं

आमच्या सोसायटीच्या गेटशेजारच्या भिंतीवर एक ठिगळ आहे. कितीही वेळा रंग द्या, तेवढं प्लास्टर वेगळं दिसतंच. ते माझं काम. चाळीसेक वर्षांपूर्वी चोवीस वर्षांच्या एका अतिशहाण्या सुनेने नवऱ्याची जीप तिथे नेऊन आदळली होती.

ती सून म्हणजे मीच, पण तिचं-माझं फारसं पटत नाही. म्हणून मी तिला 'ती' म्हणते.

मुलुंडला डोंगराच्या अंगाला आमची इमारत. पार्किंग मागे, उंचावर, आणि तिथून गेटपर्यंत चांगलाच उतार. आमच्या ह्यांनी लष्कराच्या लिलावातून जीप घेतली होती, चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी. हे कारखान्यात यंत्रं बसवायचे, हात सोन्याचा. रविवारी तिला गाडी शिकवायचे. दोनच गोष्टी बजावल्या होत्या: एकटी बसू नकोस, आणि सपाट चप्पल घाल.

एका रविवारी हे आंघोळीला गेले आणि तिने किल्ली उचलली. पायात उंच टाचेच्या सँडल, डोळ्यांवर गॉगल. गॅलऱ्यांतल्या बायकांना कळावं म्हणून हॉर्नही दिला. उतारावर गाडी सुटल्यावर तिने सगळा जीव एकवटून पाय दाबला. क्लचवर. क्लच दाबला की गाडी इंजिनापासून मोकळी होते, हे तिला तीनदा शिकवलं होतं, पण तेव्हा बाई आरशात गॉगल बघत होत्या. दाबतेय, दाबतेय, आणि गाडी अजून मोकळी होऊन पळतेय. मग भिंत आली.

तिला काही लागलं नाही. गॉगलसुद्धा जागेवर होता. लोक जमले, हे ओल्या केसांनी धावत आले, आणि तिने सिनेमात ऐकलेले दोन शब्द फेकले. "ब्रेक फेल."

सासूबाईंनी गॅलरीतूनच निकाल दिला, "त्या डबड्यात माझी सून पुन्हा बसायची नाही. आणि तूही नाहीस."

ह्यांनी लागोपाठ तीन रविवार ब्रेक उलगडला. पाइप बदलले, आतली लायनिंग बदलली, सिलिंडर नवा घातला. दोष काही सापडेना. शेवटी जीपवर ताडपत्री घातली. तिने तेव्हा बोलायला हवं होतं. तिने काय केलं, तर प्रत्येक लग्नामुंजीत तो किस्सा रंगवून सांगितला. दोन वर्षांत त्यात एक दूधवाला आला. त्याला वाचवायला म्हणून तिने प्रसंगावधान राखून गाडी भिंतीकडे वळवली. दर लग्नाला त्याच्या सायकलवर एक कॅन वाढत गेला.

मागच्या वर्षी सोसायटीने नोटीस लावली: न चालणारी वाहनं पार्किंगमधून हलवावीत. अध्यक्ष आमच्या मुलाच्या वयाचा, गोड बोलणारा. म्हणाला, "काका, वार्षिक सभेच्या दिवशी गाडी स्वतःच्या इंजिनवर खाली येऊन, इमारतीला चक्कर मारून परत वर गेली, तर जागा तुमची. नाहीतर भंगारवाल्याला बोलवावं लागेल."

हे संध्याकाळी वर जाऊन ताडपत्रीवरची पानं झाडत बसले. ते मला बघवलं नाही. मी म्हटलं, "दुरुस्त करू या."

"कोण करणार?"

"आपण."

"माझ्याने एक ब्रेक झाला नाही," हे म्हणाले.

भांडुपहून एक मेकॅनिक मिळाले. सत्तरीचे, मूळ मालवणकडचे, उभा जन्म जुन्या जीपा उघडण्यात गेलेला. त्यांनी जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेटवर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "वयनी, जीव आसा. पण मेहनत तुमका पण करूक होयी."

केली की. अडीच महिने मी पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश घेऊन गंज खरवडला. पुरणाच्या पातेल्यात रॉकेल ओतून नट-बोल्ट धुतले. मिसळणाचा डबा रिकामा करून त्यात मापाप्रमाणे वॉशर लावले. मोहरीच्या वाटीत सगळ्यात बारीक. पवईहून नात आली, तिने नेमका तोच डबा फोडणीला उघडला. म्हणाली, "आजी, आज भाजीला स्प्रिंग वॉशर?"

टाकी धुतली, वायरिंग नवं झालं, टायर आले. हे खुर्ची टाकून बसायचे, फार तर पाना हातात द्यायचे. स्वतः कशाला हात लावायचे नाहीत. एका सकाळी इंजिन आधी खोकलं, मग शिंकलं, निळा धूर सोडला आणि लागलं. आख्खं पार्किंग थरथरलं. मी टाळ्या वाजवल्या, दोन्ही हात ग्रीसचे, त्यामुळे आवाज काही आला नाही.

सभेला आठवडा राहिला आणि मेकॅनिक अडून बसले.

चारही चाकं काढलेली, ब्रेकचे सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले. मी चहा घेऊन गेले तर ते ह्यांना सांगत होते, "साहेब, रबरां सुकली ती मी बदललंय. थोडो गंज होतो तो काढलंय. पण तुमच्या हातचा काम एकदम झकास. ह्येच्यात फॉल्ट नाय. मगे तेव्हा ब्रेक फेल झालो तो कसो?"

"तोच तर मला सापडला नाही," हे म्हणाले.

"फॉल्ट गावल्याशिवाय मी चाकां बसवूचंय नाय. हयसर उतार आसा. उद्या कोणाचो जीव गेलो तर?"

ह्यांनी वर्तमानपत्राची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. राहू दे. भंगारवाल्याला सांगू."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो खाली ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे ब्रेक.

"क्लच," मी म्हटलं.

"काय?"

"मी क्लच दाबला होता. ब्रेकला पाय लागलाच नव्हता."

मेकॅनिकनी ट्रेमधला एक कप अलगद उचलला. "मगे भिंत येतलीच," ते म्हणाले आणि चहा प्यायला पलीकडच्या स्कूटरमागे गेले.

हे माझ्याकडे वळले. "आणि दूधवाला?"

"दूधवाला नव्हताच."

"अगं, आपल्या दूधवाल्याला मी पंधरा वर्षं दिवाळीला मिठाईचा बॉक्स दिला. आपल्या गाडीखाली येता येता वाचला म्हणून."

"त्याने कधी विचारलं नाही का, कशाबद्दल ते?"

"नाही."

"मग चूक त्याचीही आहे थोडी."

हे हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, "तीन वेळा उघडलं गं मी ते. तीनदा. मला वाटलं, माझ्या हातांनाच काही कळेनासं झालंय. त्यानंतर घरात काही उघडलं नाही मी. पंखा बंद पडला तरी माणूस बोलावला."

खरं होतं. एवढी वर्षं माझ्या घरात पंख्याला, मिक्सरला, इस्त्रीला बाहेरचा माणूस येत होता, आणि मला वाटत होतं ह्यांना कंटाळा येतो. गॉगलवाल्या त्या बाईच्या त्या क्षणी मी दोन मुस्काटात दिल्या असत्या.

तीन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तर भिंतीकडे बघून मागायचे. मेकॅनिकनी मात्र त्याच दिवशी चाकं बसवली. चौथ्या सकाळी ह्यांनी नातीचे कॅनव्हासचे बूट माझ्यापुढे ठेवले.

"सभेच्या दिवशी तू चालवायचीस."

"मी? माझे गुडघे बघा."

"क्लच दाबायला चांगले होते की."

मग रोज सकाळी सात ते आठ शिकवणी. हे शेजारी बसून फक्त एवढंच म्हणायचे, "मधला. ब्रेक मधला." शेवटच्या दिवशी मेकॅनिकसुद्धा म्हणाले, "जमता तुमका, वयनी."

सभेच्या दिवशी सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. जीप हिरवीगार, मूळ रंगाची. मी गॉगल घातला. तेवढी हौस तिचीही राहू दे म्हटलं. गाडी उतारावर आली, वेग घेतला, भिंतीवरचं ते ठिगळ समोरून मोठं मोठं होत आलं. माझा डावा पाय आपोआप उठला. मी त्याला म्हटलं, बस खाली. उजवा पाय मधल्यावर दाबला. जीप थांबली. भिंत हातभर लांब.

मी खाली उतरून ठिगळाला हात लावला आणि परत बसले. मग इमारतीला चक्कर. इमारतीच्या दुसऱ्या अंगाला, वर जायच्या एकेरी चढावर पाइपसाठी खणून ठेवलेलं, नुसती खडी आणि माती. अध्यक्षाची चकचकीत गाडी दोन आठवडे त्यापायी बाहेर रस्त्यावर उभी होती. "आता छोटा दांडा," हे म्हणाले. मी पुढच्या चाकांचा जोर लावला. खडी चाकांखालून उडाली, जीप म्हशीसारखी मान खाली घालून चढली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. मी हॉर्न दिला. लांब, मनसोक्त.

सभेत अध्यक्षाने जागा मंजूर केली. मग सगळ्यांसमोर विचारलं, "पण काकू, तो ब्रेक नक्की ठीक आहे ना? मागे फेल झाला होता म्हणतात."

हे उत्तर द्यायला उठत होते. मी त्यांचा सदरा ओढून खाली बसवलं.

"ब्रेक कधीच फेल झाला नव्हता," मी म्हटलं. "फेल मी झाले होते. ह्यांचं काम चोख होतं. इतिवृत्तात लिहून घ्या."

सेक्रेटरीने खरोखर लिहून घेतलं. ह्यांनी ते वाक्य मागवून दोनदा वाचलं.

परवा स्वयंपाकघरातला पंखा घरघरायला लागला. मी फोन उचलला, तर हे स्टूल घेऊन आत आले. "ठेव तो फोन. आणि वॉशरचा डबा दे."

मी मिसळणाचा डबा दिला. मोहरीच्या वाटीत त्यांना हवा तो वॉशर निघाला.