उपास आहे ना?

मी घाबरट आहे. माझ्या हाताखाली खेळलेल्या मुली हे वाचून हसतील, कारण त्यांनी माझा आवाज ऐकलाय, भीती पाहिलेली नाही. मुलुंडच्या एका कॉलेजात मी कित्येक वर्षं मुलींच्या बास्केटबॉल टीमची कोच आहे. दर जूनमध्ये माझी नेमणूक नव्याने होते आणि टीम स्पर्धेत कितव्या फेरीपर्यंत गेली यावर प्राचार्य चहा विचारणार की नाही ते ठरतं. हरायची भीती, कोणाचा घोटा मुरगळायची भीती, कोणाचे वडील ‘आता पुरे झाला खेळ’ म्हणत गेटवर उभे राहतील याची भीती. एवढी भीती पोटात घेऊन माणूस आरामात जगतो. मीही जगत होते. दोन वर्षांपूर्वी त्यात जी भर पडली, ती मात्र अजून उतरलेली नाही.

आधी माझी चूक सांगून टाकते. स्पर्धेसाठी प्रत्येक मुलीचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. ते मिळवायची माझी ठरलेली रीत होती, आणि ओळखीतल्या बहुतेक कोचांचीही तीच. बारा फॉर्म घ्यायचे, नावं भरायची आणि दुपारी गर्दी नसताना ओळखीच्या डॉक्टरांकडे जायचं. माझे डॉक्टर वयस्कर, फार सज्जन. माझ्या गुडघ्याची चौकशी करत ते एकेका फॉर्मवर सही करायचे आणि मी शेजारी बसून शिक्का मारायचे. बारा मुली त्या वेळी लेक्चरला असायच्या. रोज माझ्या डोळ्यांसमोर धावणाऱ्या धडधाकट पोरी, त्यांना तपासायचं काय, असं मला मनापासून वाटायचं.

त्या वर्षी फर्स्ट इयरला एक मुलगी आली. भांडुपला टेकडीवर राहणारी, मूळची मालवणकडची, उंचीने बेताची. पण पास असा द्यायची की चेंडू हातात आल्यावरच घेणारीला कळायचं. दोन महिन्यांत मी सगळा खेळ तिच्याभोवती बांधला. माझी नेमणूक तिच्या पायांवर उभी आहे, असं मी घरी गमतीने म्हणायचे.

गणपतीच्या आदल्या दिवशी, हरतालिकेला, मी सकाळी प्रॅक्टिस ठेवली. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी आणि सुट्टी संपली की चार दिवसांत स्पर्धा. निम्म्या मुलींनी पाणीसुद्धा घेतलेलं नसणार, हे मला माहीत होतं. लग्नाआधी सहा वर्षं मी हा उपास केलाय. नवऱ्याकडे बघता त्याचा काही उपयोग झाला असं म्हणवत नाही. तरी मी प्रॅक्टिस ठेवली, आणि वर शेवटी धावायलाही लावलं, एका टोकाच्या रेषेपासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत, दहा वेळा.

सातव्या फेरीला ती पडली. मी शिट्टी तोंडात धरून वहीत काहीतरी लिहीत होते. बुटांचा आवाज एकदम थांबला म्हणून मान वर केली, तर ती सिमेंटवर पालथी. मी धावले. तिला उताणी केली, तर ओठ पांढरे, डोळे अर्धवट उघडे. किती वेळ गेला सांगता येणार नाही. थोडाच असेल. मग तिने डोळे नीट उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “उपास आहे ना गं?”

तिने मान हलवली.

मला इतकं हायसं वाटलं की मी चिडले. “निर्जळी करायचं आणि धावायचं, डोकी आहेत की खोकी?” असं म्हणत ग्लुकोजचं पाणी तिच्या तोंडाला लावलं. “मोडला उपास तर मोडला. नवरा थोडा उशिरा मिळेल.” बाकीच्या पोरी हसल्या, तीही हसली. तिची हनुवटी खरचटली होती, त्यावर मी औषध लावलं आणि एका मैत्रिणीबरोबर तिला रिक्षाने घरी पाठवलं.

हनुवटीचं मला रात्रभर आठवत राहिलं. उपासाने चक्कर येते ती सांगून येते. डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस काहीतरी धरतो, खाली बसतो. निदान पडताना हात तरी पुढे करतो. हिच्या तळहातांना साधा ओरखडा नव्हता. ही धावता धावता बंद पडली होती. तरी मी कूस बदलून स्वतःला सांगितलं, हरतालिका होती, दुसरं काय असणार. मला तसंच हवं होतं, म्हणून ते मला पटलंही.

मुलींच्या घरी गणपतीला जायची माझी पद्धत आहे. तिच्याकडचा गणपती दीड दिवसाचा, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. इमारतीचा चौथा मजला, एकच खोली, निम्म्या खोलीत मखर. आईने पाटावर बसवलं, हातात मोदक ठेवला. घर इतकं आनंदात होतं की मी पण सैल झाले. म्हटलं, “ताई, पोरीला सांगा जरा. स्पर्धा तोंडावर असताना कडक उपास नको करत जाऊस म्हणावं.”

आई हसली. “कसला उपास, मॅडम? सकाळीच चार घावणे खावन गेलां तां. उपास तिला कधी जमलाय?”

मुलगी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी वाट्या पुसत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, नको म्हणून मान हलवली. पडल्याचं तिने घरी सांगितलंच नव्हतं. हनुवटीला लिफ्टचं दार लागलं म्हणाली होती.

हातातला मोदक मी तसाच खाली ठेवला. मी लाजेने सांगते, माझ्या डोक्यात पहिल्यांदा ती मुलगी आली नाही. आधी तिचा तो न तपासता सही झालेला फॉर्म आला. माझ्या हाताने मारलेला शिक्का, जरा तिरका बसलेला. मग स्पर्धा, मग जून महिना, आणि सगळ्यात शेवटी ती. मी ‘येते’ म्हणून उठले आणि जिन्याने खाली निघाले. दुसऱ्या मजल्यावर कोणाकडे तरी आरती चालू होती, टाळ वाजत होते. तिथे कठड्याला धरून उभी राहिले. स्पर्धेत ती पुन्हा पडली आणि उठलीच नाही तर, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. ते तिथे जिन्यात सोडून घरी जाता येईना. मी परत वर चढले आणि आईला सगळं सांगितलं. फॉर्मचंही सांगितलं.

आई म्हणाली, “तुमच्या भरवशावर पाठवते हो तिला.” गणपतीसमोर मी मान खाली घालून बसले. मुलगी माझ्याकडे अशी बघत होती की त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात कार्डिओग्राम आणि हृदयाची सोनोग्राफी केली. बाहेरच्या बाकावर तिचे आईवडील आणि मी. दार उघडलं की आम्ही तिघंही उठून उभे राहायचो. हृदयाचा स्नायू जन्मतःच जाड निघाला. औषधं घेऊन आयुष्य नीट जगता येईल, कॉलेज, नोकरी, लग्न सगळं होईल, डॉक्टर म्हणाले. फक्त असं धावणं कायमचं बंद. एखाद्या दिवशी हृदय थांबलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले. मी ते हात धरून खाली केले, कारण ते मला बघवत नव्हते.

त्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. नेमणूक तरीही झाली, चहा मात्र विचारला गेला नाही. मुलगी वर्षभर माझ्याशी बोलली नाही. समोर आले की जिना बदलायची.

आता मी दर वर्षी बाराही मुलींना घेऊन स्वतः दवाखान्यात जाते. प्रत्येकीच्या छातीला नळी लागते, कार्डिओग्राम निघतो. दोन रविवार जातात, पोरी कुरकुरतात, दुसऱ्या कॉलेजचे कोच मला हसतात. हसू देत.

ती आता थर्ड इयरला आहे. या वर्षी जुलैमध्ये आपणहून आली, म्हणाली, स्कोअर लिहायला बसते. मी वही तिच्यापुढे सरकवली. बरेच दिवस तोंडाशी आलेलं एकदा विचारलंच, “तेव्हा खोटं का बोललीस गं?”

“मी कुठे बोलले, मॅडम?” वहीतून मान वर न करता ती म्हणाली. “तुम्हीच म्हणालात, उपास आहे ना. मी फक्त मान हलवली. त्याआधी दोनदा झालं होतं मला तसं, घरी कोणी नसताना.”

“काय झालं असं विचारलं असतं तर सांगितलं असतंस?”

“बहुतेक,” वहीत रेघ ओढत ती म्हणाली.

त्या ‘बहुतेक’ने माझी झोप नेली आहे. मला जे उत्तर हवं होतं, ते मीच तिच्या तोंडात घातलं आणि तिने ते घेतलं.

गेल्या आठवड्यात प्रॅक्टिसमध्ये एक नवी मुलगी धावता धावता थांबली आणि बास्केटच्या खांबाला धरून खाली बसली. मी पोचेपर्यंत जिभेवर आलं होतं, नाश्ता नाही ना केलास? ते गिळलं. स्कोअर लिहिणारी ती टेबलावरून माझ्याकडेच बघत होती. मी नव्या मुलीसमोर गुडघे टेकून बसले, “काय झालं?” एवढंच विचारलं आणि गप्प राहिले. तिने बोलायला फार वेळ घेतला, आणि तेवढा वेळ मी खांब धरून ठेवला होता.