अमेरिकन संस्थापकाच्या फोटोला हार

हे बघा, चहा पिता पिता ऐकणार असाल तर कप आधी खाली ठेवा. मागे एकाला ऐकताना ठसका लागला, तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं!

आमचं गाव सुप्याजवळ. तिथल्या हायस्कूलात मी इंग्रजी शिकवतो, हाच माझा गुन्हा. हिवरे बाजारचं पाण्याचं काम बघायला अमेरिकेतल्या एका शाळेचे मुख्याध्यापक येणार होते. जाताना आमच्या शाळेत डोकावणार आणि शाळा पसंत पडली तर प्रयोगशाळा बांधून देणार! आमची पोरं परीक्षानळी अजून फळ्यावरच बघतात हो! मग काय, सगळं गाव कामाला लागलं. म्हणजे मला कामाला लावलं.

"गुर्जी," सरपंच म्हणाले, "त्यांच्या शाळेच्या संस्थापकाचा फोटो आना. हार घालू. पाव्हना लई खूस हुईल."

आता फोटोला हार घातल्याशिवाय आपल्याकडे कार्यक्रम सुरू होतो का? मी त्यांच्या शाळेची वेबसाइट उघडली. संस्थापक म्हणजे दोनेक शतकांपूर्वीचा पुढारी. शेतकऱ्याचं पोर. देश नवा नवा स्वतंत्र झालेला, तेव्हा हा निवडून कायदेमंडळात गेला आणि स्वतःची जमीन शाळेला देऊन टाकली.

"पुढारी आसून सवताची जमीन दिली?" सरपंच बिचकले. "नीट वाचा गुर्जी, घेतली आसंल!"

दिलीच, असं मी शपथेवर सांगितलं. तिथंच एक रुबाबदार फोटो सापडला. पांढऱ्या कुरळ्या केसांचा टोप, काळा लांब कोट. लगेच सुप्याला पाठवला आणि हा एवढा मोठा छापून आणला. त्या काळात रंगीत फोटो कोण काढत होतं, हा साधा प्रश्न माझ्या टाळक्यात यायला नको? नाही आला! बी.एड. सगळं पाण्यात!

पाहुणे आले. उन्हानं लालबुंद झालेले, टकलावर आम्ही बांधलेला फेटा. फोटोसमोर येऊन जरा थबकले. मला वाटलं, भारावले! सरपंचांनी हार घातला, उदबत्ती लावली. मग मी त्या थोर माणसाचं चरित्र सांगितलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत. शेवटचं आजारपण सांगताना तर मी खिशातून रुमालच काढला. फोटोकडे हात करून म्हणालो, "असा माणूस पुन्हा होणे नाही!" आणि सगळ्यांना श्रद्धांजलीला उभं केलं. पाहुणेही उठले, पण टकामका माझ्याकडेच बघत होते.

त्या शांततेत सरपंच कानाशी कुजबुजले, "गुर्जी, फोटोतल्या नाकावरची चामखीळ बघा. आता पाव्हन्याच्या नाकावरची बघा."

बघितली. मेलो!

पाहुण्यांनी हळूच इंग्रजीत विचारलं, "हा तर मी आहे. आमच्या संमेलनात मी संस्थापकाचं सोंग घेतलं होतं. मला कशाला हार?"

"काय म्हनत्यात?" सरपंचांनी दात-ओठ खाल्ले. "सावरा आता! प्रयोगशाळा गेली, तर पोरांना तोंड तुमी दाखवायचं!"

सुचेल ते ठोकून दिलं. "साहेब, हयात माणसाच्या फोटोला हार म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात मोठा मान! फार लाडक्या माणसालाच मिळतो!"

पाहुण्यांचे डोळे भरून आले. मला मिठी मारली, माझा फोटो काढून घेतला आणि प्रयोगशाळा जागच्या जागी कबूल केली.

सुटलो म्हणता? कसला सुटतोय!

काही दिवसांनी सरपंचांच्या मोबाईलवर अमेरिकेहून फोटो आला. त्यांच्या शाळेचं भलंमोठं सभागृह, मधोमध मी, मला हार, पुढे मेणबत्त्या आणि माना खाली घालून उभी असलेली पोरं! सरपंचांना केवढं कौतुक! त्यांनी तो गावच्या ग्रुपवर टाकला, खाली एक अक्षर न लिहिता.

दुपारी माझा मेहुणा नागापूरच्या कंपनीतून हंबरडा फोडतच आला. दार मीच उघडलं.

त्यानं मला खालीवर न्याहाळलं, डोळे पुसले आणि असा भडकला म्हणता! "काय हो दाजी! तुमच्या नावावर चार दिवसांची रजा काढलीय मी! आता साहेबाला काय सांगू?"

जिवंत असल्याबद्दल मी त्याची माफी मागितली.