ताईची ड्रॅग रेस

काल उल्हासनगरला एका गॅरेजसमोर जळक्या रबराचा वास आला आणि मला सोनिवलीजवळची ती ड्रॅग रेस आठवली. दरवर्षी तिथल्या सरळ पट्ट्यावर दोन-दोन मोटरसायकली सुटायच्या. त्या वर्षी माझी ताई उतरली होती, सगळ्या पोरांत एकटी मुलगी.

हिरवा दिवा लागला, मागचं चाक जागीच भणाणलं आणि ताई धुरात दिसेनाशी झाली. आईने माझा दंड घट्ट आवळला. "पोचली का रे?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

ताई हरली, पण हेल्मेट काढून हसत आली. "आई, बघितलंस ना?"

"सगळं बघितलं गं."

तेव्हा मला आईच्या थापेचं हसू आलं होतं. आता माझी मुलगी स्कूटरवरून निघाली की जीव थाऱ्यावर राहत नाही. आई तिथे येऊन उभी राहिली, हेच केवढं होतं!