अर्ध्या मिलिमीटरचं शिसं

गल्लीत तिला दातवाली म्हणत. दातांच्या डॉक्टरकडे एक्स-रे काढायचं काम तिचं. पेशंटच्या छातीवर शिशाचा जड एप्रन टाकायचा, गळ्याला शिशाची पट्टी गुंडाळायची, "हलाल तर फोटोत दोन जबडे येतील" असा दम द्यायचा आणि आडोशाला जाऊन बटण दाबायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर शिशावर तिचा जेवढा भरवसा बसला होता, तेवढा नवऱ्यावरसुद्धा नव्हता. "हा घातला की यमालाही आत डोकावता येत नाही," असं ती घाबरटांना सांगायची.

मग तिच्याच गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी उधळली. हात थरथरायचे, छाती धडधडायची, खाल्लेलं अंगी लागेना. गोळ्यांनी भागलं नाही तेव्हा मोठ्या दवाखान्यात तिला किरणोत्सारी आयोडिनची कॅप्सूल दिली. त्यासाठी बाळाचं अंगावरचं दूध आधीच तोडावं लागलं होतं. घरी सोडताना मीटरवाल्याने, म्हणजे तिथल्या किरणांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने, बजावून सांगितलं: आता किरण तुमच्याच अंगातून निघणार, तेव्हा खोली वेगळी, ताट वेगळं, संडास वेगळा, आणि तीन आठवडे लेकराला जवळ घ्यायचं नाही.

लेकरू जेमतेम रांगणारं. गाल इतके फुगलेले की सगळे त्याला बोका म्हणत. त्याला सांभाळायला थोरली नणंद येऊन राहिली. स्वतःची चार पोरं वाढवलेली बाई, पण बोक्यापुढे तिने हात टेकले. चमचा पुढे केला की तो तोंड फिरवायचा, बाटली लाथेने उडवायचा, आणि आईच्या बंद दाराकडे बघत रडून रडून हुंदक्यांनी निळा पडायचा.

"अगं, त्याच्या बरगड्या हाताला लागायला लागल्या," नणंद दाराबाहेरून म्हणाली. "गळा बरा करशील, पण लेकरू हातचं जाईल."

"वन्सं, असं अभद्र बोलू नका हो."

"मग काय गाणं म्हणू? तूच सांग याला खा म्हणून."

तिने आतून सांगितलं. आवाज ऐकून तो अधिकच चेकाळला. कानात बोटं घालून ती पलंगावर बसून राहिली आणि बसल्या बसल्या तिला एप्रन आठवला. एवढा साधा उपाय, आणि आपण येड्यासारख्या रडत बसलोय!

नवरा वायरमन. त्याला तिने दातांच्या डॉक्टरकडे पिटाळलं. "घरी कशाला हवाय?" असं डॉक्टरांनी विचारलं, तर हा म्हणाला, "बायकोला त्याच्याशिवाय करमत नाही." डॉक्टर हसले आणि जुना एप्रन पट्टीसकट देऊन टाकला.

त्या दुपारी तिने एप्रन चढवला, गळ्याला पट्टी घट्ट बांधली, हात कोपरापर्यंत धुतले आणि दार उघडलं. बोका झेपावलाच. चार चमचे पेज खाल्ली, बाटली संपवली आणि तिच्या गळ्यावरच्या पट्टीवर डोकं टेकून झोपला. खाली ठेवायला तिचं मन होईना. आणि का ठेवायचं? मध्ये शिसं होतं. मग रोज दुपारी तेच सुरू झालं. तो उठेपर्यंत ती त्याला छातीशी घेऊन बसायची. नुसत्या साडीवर तिने त्याला क्षणभरही घेतलं नसतं.

चौकशीला मीटरवाल्याचा फोन आला तेव्हा तिनेच आपण होऊन सांगितलं. "दादा, तुमच्याकडच्या बाकीच्या आयांनाही सांगा की. शिशाचा एप्रन घातला की लेकराला घेता येतं."

त्याने तिला मध्येच थांबवलं. "कुठला एप्रन, ताई?"

"आमचा दातांचा. असेल अर्ध्या मिलिमीटरचा."

"अहो, दातांच्या एक्स-रेचे किरण लेचेपेचे. ते अडतात त्यात. तुमच्या गळ्यात दोन जातीचे आहेत. एक बीटा. ते मांसात दोन मिलिमीटरसुद्धा जात नाहीत. ग्रंथी जाळतात आणि तिथेच संपतात. ते औषध. दुसरे गॅमा, ते बाहेर येतात. त्यातले नुसते निम्मे अडवायला तीनेक मिलिमीटर शिसं लागतं. तुमच्या एप्रनने शंभरातले दहा अडले असतील."

"आणि नव्वद?"

"नव्वद पलीकडे गेले."

पलीकडे म्हणजे कुठे, हे तिला विचारावं लागलं नाही. पट्टीवर त्याच्या कालच्या लाळेचा डाग अजून दिसत होता.

"शिसं म्हणजे शिसं नसतं का हो?" तिने विचारलं.

"शिसं तेच आहे, ताई. किरण वेगळे आहेत. किती वेळ घेतलंत बाळाला?"

तिने खरं ते सांगितलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो हळूच म्हणाला, "लगेच काही दिसणार नाही. पण एवढ्या लहान मुलाची ग्रंथी फार कोवळी असते. उद्या त्याला कुणाबरोबर तरी पाठवा, तुमच्या घामातून आयोडिन त्याच्या पोटात गेलंय का, ते गळ्याशी मीटर धरून बघू."

"पुढे काही होईल का त्याला?"

"ते आज कुणीच सांगू शकणार नाही. तोवर लांब राहा. विटांची जाड भिंत बरंच अडवते. अंतर दुप्पट केलंत की चौथाईच पोचतं."

तिने पलंग ओढून लांबच्या कोपऱ्यात नेला आणि दाराला आतून कडी घातली. एवढ्यात दारावर इवल्याशा तळव्याची थाप पडली. दुपारची वेळ त्याला कळायला लागली होती.

"उघड गं, आणलाय तुझा बोका," नणंद म्हणाली.

"वन्सं, न्या त्याला. तुमच्या घरी न्या, आत्ताच्या आत्ता."

"खुळी का काय तू? कालपर्यंत तर..."

"एप्रनने काही अडत नाही, वन्सं! सगळं त्याच्या अंगात जात होतं. मीच घालत होते!"

नणंद दारापासून मागे सरली. पण आईचा आवाज ऐकून बोका खिदळला आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागला. पातळ लाकडाचं दार. तिने तोंडावर हात दाबला, पण थापा थांबेनात. मग ती कोपऱ्यातूनच अंगातलं सगळं बळ आणून ओरडली, "चल नीघ! नकोस तू मला! जा!"

थापा थांबल्या. असा आवाज त्याने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग त्याने टाहो फोडला. नणंदेने त्याला उचललं, चपला वाजल्या, बाहेरचं दार आपटलं. रडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिलं, मग तेही येईना. तो आज काही खाईल की नाही, हे आता तिला भिंतीतूनही कळणार नव्हतं.