देण्याघेण्याचं कापड

‘देण्याघेण्याचं दाखवा’ असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं की आजही माझं डोकं तापतं. तो शब्द मी कित्येक वर्षं दिवसभर ऐकला आहे. नारायणगावात कपड्यांच्या दुकानात मी कामाला होतो आणि वारूळवाडीत खोली घेऊन राहत होतो. लग्नसराई आली की माणसं जीप भरून यायची. नवरदेवाचं झालं, करवल्यांचं झालं, की घरातला कर्ता माणूस गादीवर मांडी ठोकून बसायचा आणि म्हणायचा, “आता मानपानाचं काढा. आणि मग ते देण्याघेण्याचं.”

मानपानाचं म्हणजे व्याही, पुढारी, सोसायटीचे लोक, असल्यांना द्यायचे शर्टपीस. ते माणूस बोटांत धरून बघायचा, उजेडात न्यायचा, चुरगाळून सोडायचा. देण्याघेण्याचं म्हणजे बाकीच्यांचं. त्याला कुणी हातही लावत नसे. “कुठलेबी टाका, रंग तेवढे वेगवेगळे टाका,” असं सांगून लोक चहा प्यायला लागायचे. आम्ही ते गठ्ठ्यानं बांधायचो. दोन पिशव्या व्हायच्या. मानाची पिशवी गाडीत मांडीवर जायची, दुसरी टपावर.

त्या दुसऱ्या पिशवीतलं कापड मी ओळखतो. वीण इतकी विरळ की नुसतं कापड म्हणून ते उभंच राहणार नाही. म्हणून त्याला खळ भरपूर पाजलेली असते. हातात घेतलं की कडक, चकचकीत, वर सोनेरी कागद आणि परदेशी वाटावं असं नाव. पाण्यात घातलं की खळ निघून जाते आणि मागे उरते ती गाळणी. हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला माहीत असतं. फक्त ज्याच्या हातात नारळाबरोबर ते पडतं त्याला कुणी सांगत नाही.

माझ्या वडिलांच्या हातात ते पडलं.

आमचं गाव आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. भाताची खाचरं, थोडी नाचणी. भात निघाला की वडील आणि गावातले चारदोन जण कामाला पूर्वेकडे उतरायचे. लोणीच्या एका बागायतदाराकडे त्यांनी वर्षानुवर्षं कांदा काढला, बटाटा काढला. त्या वस्तीवर डोंगरातल्या माणसाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. “ए डोंगऱ्या” म्हटलं की सगळ्यांनी वर बघायचं.

पण वडील कामाच्या कपड्यांवर कधी प्रवास करत नसत. एसटीत बसताना अंगात पांढरा शर्ट, तोही इस्त्रीचा. गावात वीज धड नव्हती तेव्हा ते पितळी तांब्यात निखारे भरून इस्त्री करायचे. शर्ट आईलाही धुवू देत नसत. कॉलरीला आणि मनगटाला आधी साबण लावून ठेवायचे, जरा भिजलं की बोटांनीच चोळायचे. दगडावर आपटणं त्यांना मान्य नव्हतं. पिळायचे नाहीत, नुसतं दाबून पाणी काढायचे, आणि उलटा करून सावलीत वाळत घालायचे. भाताची पेज पातळ करून, फडक्यातून गाळून शर्टाला द्यायचे. कॉलर विरली तर ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवून घ्यायचे. तसा शर्ट आणखी काही वर्षं चालायचा.

लोणीच्या वस्तीवर त्यांच्या या शर्टाची थट्टा व्हायची. बागायतदार म्हणायचा, “आलं का साहेब कांदं काढायला?” वडील हे घरी हसून सांगायचे. मी विचारलं होतं, “तुम्हाला राग नाही येत?” तर म्हणाले, “अरं, चिडवू दे की. पर एसटीतला कंडक्टर ‘अहो’ म्हणतो का न्हाई मला? अंगात कापड नीट असलं तर माणूस अहो म्हणतो.”

मला मात्र तेव्हाही राग यायचा. बागायतदाराचा यायचा आणि त्या कंडक्टरचाही यायचा. शर्ट बघून अहो म्हणणारी जात मला काही बरी वाटत नव्हती.

त्या बागायतदाराच्या मुलाचं लग्न निघालं. खरेदी आमच्याच दुकानात झाली, दोन पिशव्या मीच बांधल्या. मी कुणाचा मुलगा हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि आपण होऊन सांगावं असं मला वाटलं नाही. वडील तोवर कामाला जायचे थांबले होते, गुडघे गेले होते. तरी त्यांना पत्रिका आली. केवढं कौतुक झालं त्या पत्रिकेचं! देवळीत देवापुढे ठेवली होती. लग्नाला मी गेलो नाही. सराईत दुकान सोडता येत नसे. वडील एकटे, दोन एसट्या बदलून गेले. मांडवात माइकवरून नावं पुकारून मानकऱ्यांचे फेटे बांधले. बाकीच्यांच्या रांगांमधून एकजण पोतं घेऊन फिरला. त्यानं वडिलांच्या मांडीवर टोपी, टॉवेल आणि शर्टपीस ठेवला.

पुढं मी घरी गेलो तेव्हा शर्ट शिवूनही झाला होता. घोडेगावच्या त्यांच्या नेहमीच्या शिंप्याकडून. खुंटीवर टांगलेला लांबूनच दिसला. फिकट निळा, बारीक उभी रेघ. दुकानात त्याचा गठ्ठा कुठल्या कप्प्यात ठेवतो तेही मला माहीत होतं.

वडील म्हणाले, “बघितला का? एवढ्या गर्दीत त्यांनी ध्यान ठेवलं. तुझ्या पोराच्या जावळाला घालणार म्या.”

तो त्यांनी जावळाला घातला. फोटोतही दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो धुवायला घेतला, नेहमीसारखाच, बोटांनी. मी दारात चहा पीत होतो. बादलीतलं पाणी आधी निळं झालं, मग पिठासारखं गढूळ झालं. वडिलांनी शर्ट वर उचलला, तो त्यांच्या हातात चिंधीसारखा लोंबला. खांद्याची शिवण शाबूत होती, पण शिवणीच्या शेजारचे धागे सरकून बोट जाईल एवढी फट पडली होती. एक बाही दुसरीपेक्षा आखूड दिसत होती.

वडिलांनी तो उलटसुलट करून बघितला. मग मला म्हणाले, “म्या लई चोळलं का रं? का पाणी ऊन व्हतं?”

“नाही हो. कापडच तसलं आहे.”

“कापड कसं आसंल तसलं? एवढ्या मोठ्या घरचं हाय ते. माझंच काईतरी चुकलं.”

आई म्हणाली, “जाऊ द्या आता.” पण त्यांनी जाऊ दिलं नाही. दिवसभर त्यांचं तेच. साबण बदलला होता का, सावली कमी होती का. जन्मभर आपल्या कपड्याला डाग पडू न देणारा माणूस, दुसऱ्यानं केलेल्या लबाडीचा दोष स्वतःच्या बोटांत शोधत होता. मला तो शर्ट चुलीत घालायचा होता. वडिलांनी त्याची घडी घातली आणि पेटीत ठेवला.

पुढच्या सराईत तो बागायतदार मुलीच्या लग्नाची खरेदी करायला आला. दुपार होती, दुकान भरलेलं होतं. मालकांनी स्वतः उठून त्याला गादीवर बसवलं. मानपानाचं झालं. मग तो मला म्हणाला, “आता ते देण्याघेण्याचं काढ भाऊ. मागल्यासारखंच.”

मी एक पीस काढला, कागद फाडला, कापड त्याच्यासमोर पसरलं आणि त्याच्याच ग्लासातलं पाणी त्यावर ओतलं. चिमटीत धरून चोळलं. पांढरं पाणी गादीवर गळायला लागलं. मग दोन्ही हातांनी जरा ताणलं. धागे सरकले. त्या फटीतून मी बोट काढून दाखवलं.

“हे असं आहे. द्यायचं का?”

तो हसला. “आरं, घेणारा तरी कुठं शिवतोय? आज मी दिला, उद्या त्यो दुसऱ्याला देतो. फिरतं कापड हाय ते, राव.”

“माझ्या वडिलांनी शिवला.”

“कोण तुझं वडील?”

मी गाव सांगितलं, नाव सांगितलं. त्यानं जरा आठवलं आणि त्याचा चेहरा उजळला. “आपला साहेब व्हय! कडक इस्त्रीवाला! त्याला कुणी सांगितलं शिवायला?”

माझा आवाज चढला. “का नाही शिवायचा? शर्टाचं कापड दिलं तर माणूस शर्ट नाही शिवणार? तुमचा कांदा त्यांनी असा काढला का, वरून चांगला आणि आत सडका? मानाच्या पिशवीतला एक त्यांच्या मांडीवर ठेवला असता तर काय झालं असतं? दोन्ही पिशव्या मीच बांधल्यात. मला माहीत आहे कुणाला काय गेलं ते.”

एका बाईनं हातातली साडी खाली ठेवली. मालक म्हणाले, “गिऱ्हाईकाशी असं बोलत्यात का?”

बागायतदार मात्र चिडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं. हात हलवून तो मालकांना म्हणाला, “बरोबर हाय पोराचं, जाऊ द्या. एक भारीतला पीस बांधून द्या ह्याला. माझ्याकडून, साहेबाला.” मालकांनी लगेच मानपानाच्या गठ्ठ्यातला वरचा पीस उचलला, पिशवीत घातला आणि माझ्यापुढे धरला. दोघांच्याही तोंडावर मिटलं एकदाचं असे भाव होते.

मी पिशवी घेतली नाही. चपला घातल्या आणि बाहेर पडलो. परत त्या दुकानात गेलो नाही.

वडिलांना हे कुणीतरी सांगितलंच. मी घरी गेलो तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “माझं नाव काढलंस का तिथं? चार लोकांत?”

“मग काय गप्प बसू?”

“म्या तक्रार केली व्हती का तुझ्याकडं? त्यांनी मांडवात बोलावलं, जेवू घातलं. तू माझी लाज काढलीस.”

“लाज त्यांची निघाली!”

“न्हाई. सगळ्यांना कळलं का मला फसकं कापड दिलं, आन मला कळलं न्हाई.”

माझा राग तेवढाच राहिला. आता तो वडिलांवरही होता. मुलीच्या लग्नाची पत्रिका आली नाही. वडिलांनी पांढरा शर्ट धुवून, पेज देऊन, इस्त्री करून तयार ठेवला होता. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत ते म्हणत होते, “आपल्याकडं कागद उशिरानंच येतो.” मला त्या माणसाच्या दारात जाऊन भांडावंसं वाटत होतं. कशासाठी भांडायचं? बोलावलं नाही म्हणून? ज्या मांडवाची मला चीड होती, त्याच मांडवाच्या बोलावण्यासाठी?

मी आता मंचरला एका तयार कपड्यांच्या दुकानात आहे. तिथं शर्टपीस विकत नाहीत.

गेल्या वर्षी चुलत बहिणीचं लग्न ठरलं. भावकी आमच्या ओट्यावर बसली. चुलते म्हणाले, “देण्याघेण्याचं कुठून आणायचं?” मी तोंड उघडणार तोच आतून वडील आले. म्हणाले, “कापड वाटायचं न्हाई. वाटायचं तर सगळ्यांना येकच, आन पोरीचा बाप सोता अंगात घालंल तसलं. न्हाईतर काईच न्हाई.”

गोंधळ उडाला. पावणे नाव ठेवतील, इतक्या वर्षांची रीत आहे, तुम्ही कोण सांगणार. चुलते तर उठूनच गेले. सगळ्यांना चांगलं द्यायची ऐपत नव्हती, म्हणून शेवटी काहीच दिलं नाही. लग्नात एक लांबचे मामा नारळ हातात घेऊन बराच वेळ मांडवात रेंगाळले. मग वडिलांपाशी येऊन कुरकुरले, “टोपी-टॉवेल तरी काढायचा व्हता, दाजी. हात हलवत जायचं का आमी?”

वडील त्या दिवशी पांढऱ्याच शर्टात होते. त्यांनी मामांना विचारलं, “जेवलास का पोटभर?”

“जेवलो की.”

“मंग झालं तर,” वडील म्हणाले, आणि पुढच्या पंगतीला वाढायला बाह्या दुमडत निघून गेले.