पहिला घोट बुधल्याचा

जून लागला होता, तरी फेनेशच्या दरीत पहाटेचं धुकं इतकं दाट बसलं होतं की अम्ब्रुशला स्वतःचा घोडाही दिसत नव्हता. शार्गाचं फुरफुरणं तेवढं ऐकू येत होतं. झऱ्याच्या दगडी काठावर गुडघे टेकून त्यानं श्वास छातीत कोंडला आणि मातीचा बुधला पाण्यात बुडवला.

इथं श्वास घेत वाकायचं नसतं. पाण्यातून वर येणारा वायू झऱ्याच्या तोंडाशी साचून राहतो, पाणी प्यायला उतरलेली चिमणीसुद्धा कधी कधी तिथंच आडवी होते. बुधला तिरका धरायचा, त्याला त्याच्या सवडीनं भरू द्यायचं आणि लाकडी बूच पाण्याखालीच ठोकायचं. वर काढून बूच मारलं तर पाण्यातला जीव उडून जातो. मग खालच्या गावांत पोचतं ते मुकं पाणी, गुरांना पाजायच्या लायकीचं.

काठावर म्हातारा लाझारबाची, म्हणजे लाझारकाका, चिलीम ओढत बसला होता. झरा फेनेश गावाचा, आणि त्याची राखण त्याच्याकडे.

"तुझा बाप आमच्या पाण्याला काय म्हणायचा, आठवतं का रे?"

"आठवतं."

"मग म्हण की."

"खिळ्यांचं पाणी."

"खिळे भिजवलेलं पाणी! पुरतं म्हण." म्हातारा खोकत खोकत हसला. "आणि आज त्याचाच लेक आमच्या खिळ्यांपुढं गुडघे टेकून बसलाय. तुझी आई असती ना, हसून हसून लोळली असती. फेनेशची पोर ती. त्या कूतफाल्व्यात नांदायला गेली आणि जन्मभर नवऱ्याचं पाणी गोड मानून प्यायली."

अम्ब्रुशनं पुन्हा श्वास कोंडला. त्याला पुढचा बुधला भरायचा होता, आणि त्यासाठी तोंड मिटलेलंच बरं होतं.

अडतीस वर्षं तो पाण्याची गाडी हाकत होता. डोंगरातलं फसफसतं पाणी खाली मैदानात न्यायचं, तिथून गहू, सफरचंदं, कधी डुकराची चरबी घेऊन परतायचं. पाणी नेहमी कूतफाल्व्याचंच, भुर्जाच्या झऱ्याचं. खालच्या गावांतल्या फाटकांशी त्याची हाक ठरलेली: "भुर्जाचं पाणी! कूतफाल्व्याचं, भुर्जाचं!" त्या हाकेसरशी बायका हातातलं काम टाकून बाहेर यायच्या.

गेल्या नोव्हेंबरात धरणी हलली. कूतफाल्व्यात दोन धुराडी पडली आणि चर्चची घंटा आपली आपणच वाजली. सकाळी लोक झऱ्यावर गेले तर पाणी वाहत होतं, पण गप्प होतं. एक बुडबुडा नाही की जिभेला चिमटा नाही. अम्ब्रुश हिवाळाभर रोज तिथं गेला. बर्फ बाजूला सारून दगडाला कान लावायचा, आजारी माणसाच्या छातीला लावावा तसा. मे संपला तेव्हा त्यानं गाडी जुंपली आणि डोंगराची धार ओलांडून तो आजोळी, फेनेशला आला.

"खाली गेल्यावर कुठलं म्हणून विकणार?" लाझारबाचीनं निघताना विचारलं.

"बघू," अम्ब्रुश म्हणाला.

तीन दिवसांची वाट. गवताच्या थरांत एकशेवीस बुधले निजलेले आणि बुचांच्या फटींतून त्यांचं बारीक सुस्कारणं. शार्गाला वाट पाठ होती, त्यामुळे अम्ब्रुश लगाम सैल सोडून अर्धवट झोपेत डुलत राही. वाटेत झरे भेटत. माणसं ओळखावीत तसा तो त्यांना ओळखायचा. वळणावरचा तो आंबट, पोट साफ करणारा, लग्नाच्या जेवणानंतर उपयोगी. खालच्या अंगाला एक कुजक्या अंड्याच्या वासाचा, त्यात म्हाताऱ्या पाय बुडवून बसतात आणि सुनांच्या कागाळ्या करतात. एका झऱ्याचं पाणी असं की त्यात कालवलेलं पीठ सोडा न घालता फुगतं. तो प्रत्येक ठिकाणी उतरून ओंजळभर प्यायचा, पाणी जिभेवर धरायचा आणि डोळे मिटायचा. हे पाऊस होऊन पडलं असेल तेव्हा आपण कुठं होतो, असं त्याला वाटायचं. आजाच्या आजाच्या टोपीवरून निथळलेला एखादा थेंब शंभर वर्षं खडकांत भटकून, चुना चाटून, लोखंडाशी बोलून आता आपल्या ओंजळीत आलाय. मग त्याला वाटे, भुर्जाचा झरा मेला नाही, वाट चुकलाय नुसता, खाली अंधारात कुठल्या तरी वळणावर उभा राहून विचार करतोय. अशा विचारात कोस निघून जायचे. पण जाग येताच छातीवरचा दगड तिथंच असायचा: फाटकाशी हाक कुठली मारायची?

होमोक गावात पहिलं फाटक त्याच्या बहिणीचं. रेगिनाअक्का अठराव्या वर्षी लग्न होऊन खाली आली, ती सहासष्टची होईस्तोवर इथंच. आता गुडघे धरले होते, वर जाणं व्हायचं नाही. गाडीतला पहिला बुधला तिचा. ती घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि सांगायची, वर यंदा पाऊस उशिरा झाला, नाहीतर झऱ्यातला पाला काढलेला नाही, आळशी मेले. तिनं मान डोलावली की मगच गाव पाणी घ्यायचं.

अंगणात ती वाटाणे सोलत बसली होती. कुंपणापलीकडून शेजारीण इल्का डोकावली.

"आलात का अम्ब्रुशबाची? आम्हाला वाटलं तुमचा झराच गाडला गेला. बाजारात माणसं सांगत होती, धरणीकंपानं आटला म्हणून."

"बाजारात तुझ्या नवऱ्याला अक्कल आहे असंही सांगतात," रेगिना म्हणाली. "आण रे अम्ब्रुश, ओत."

त्यानं बूच काढलं. जाड काचेच्या पेल्यात पाणी उसळलं. तिनं घोट घेतला, डोळे मिटले. वाटाण्याची एक शेंग मांडीवरून घरंगळली, पण तिला कळलं नाही.

"भुर्जाचं," ती हळूच म्हणाली.

अम्ब्रुशनं हातातल्या बुधल्याकडे पाहिलं.

"झऱ्याकाठच्या फळ्या ओल्या आहेत," डोळे न उघडता ती बोलत होती. "मी अनवाणी आहे. भुर्जाची साल पाण्यावर तरंगतेय, कागदासारखी. बाबा वरून ओरडतायत, कळशी भरली का गं..." मग तिनं डोळे उघडले. त्यांत असा उजेड होता की तिचं वय दिसेना. "ऐकलंस का गं इल्का? झरा जिता आहे! जा रे, मार हाक. गाव वाट बघतंय."

तो फाटकापर्यंत गेला. तोंड उघडलं की झालं असतं. अक्कानं कौल दिला होता, तिच्यापुढं गावात कोण बोलणार? आणि ती सुखात होती. त्यानं छातीत हवा भरून घेतली. आणि हाक न मारताच ती सोडून दिली.

तो मागे फिरला. रेगिना दुसरा पेला तोंडाला लावणार, एवढ्यात त्यानं पेल्यावर तळवा ठेवला.

"अक्का, तो बुधला बोलला. पाणी नाही."

"काय बरळतोस?"

"बुधल्याच्या आत अडतीस वर्षांचा थर आहे, पांढरा, भुर्जाच्या पाण्याचा. गळ्यातलं पाणी त्याला लागून राहतं आणि त्याची चव घेतं. पहिला घोट बुधल्याचा. आता पिशील ते खरं."

"आणि झरा?"

"वाहतो. पण गप्प आहे."

रेगिना कितीतरी वेळ पेल्याच्या काचेला चिकटलेले बुडबुडे बघत होती. एकेक सुटून वर जात होता.

"काढ हात," ती म्हणाली.

ती प्यायली आणि तोंड वाकडं केलं. पुन्हा प्यायली. या खेपेला पाणी गालात फिरवलं.

"लोखंड आहे. जिभेच्या कडेला. आणि गिळल्यावर मागून जरासं गोड." ती थांबली. "हे मी प्यायलेय रे. गोवर आला होता मला, तू पाळण्यात होतास. आईनं एप्रनखाली लपवून आणलं होतं, बाबांना कळू नये म्हणून. फेनेशचं."

"फेनेशचं."

"कळलंच त्यांना. तीन दिवस विचारत होते, या घरात घोड्याची नाल कोण चघळतंय?"

ती हसली, आणि हसता हसताच तिनं बाही डोळ्यांना लावली. अम्ब्रुश टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुझं तोंड बघून माझं उघडेना."

"मेल्या, अडतीस वर्षं माझ्या जिभेवर पाणी विकलंस आणि आज तिलाच फसवत होतास. चांगलं आहे हे पाणी. पण ते नव्हे. माझं ते आता..." पुढचं तिनं गिळलं. "आईच्या गावाचं नाव घेऊन विक. आणि बुधले घासून काढ सगळे. लोकांना गेलेल्याचा घोट पाजू नकोस."

"सगळे?"

"सगळे."

"मला दोन द्या," इल्का कुंपणावरून म्हणाली. "लोखंड आहे ना? आमच्या ह्यांच्या अंगात रक्तच नाही. अक्कल नाही ती नाहीच."

अम्ब्रुश रस्त्यावर आला. "फेनेशचं पाणी! फेनेशचं, लोखंडी!" आवाज त्यालाच परका वाटला. काही फाटकं उघडलीच नाहीत. एक म्हातारा काठी टेकत आला, घोट घेतला, "हे आमचं नव्हे," म्हणाला आणि परत गेला. सुताराच्या बायकोनं मात्र तीन बुधले आपल्या हंड्यात रिते करून घेतले. दुपार कलेपर्यंत निम्मी गाडी हलकी झाली.

मग त्यानं रिकामे बुधले ओढ्यावर नेले. आजवर ते तो नुसते विसळायचा. आतल्या थराला कधी हात लावला नव्हता, तो धंद्याचा मान होता. त्यानं एका बुधल्यात मूठभर टोकदार खडी टाकली, पाणी घातलं, तोंडावर तळवा दाबला आणि दोन्ही हातांनी हलवायला लागला. पाणी ओतलं तर ताकासारखं पांढरं निघालं आणि ओढ्यात लांबवर पसरत गेलं. त्यानं आत बोट फिरवून पाहिलं, अजून खरखरत होतं. पुन्हा खडी टाकली. खांदे भरून आले तेव्हा तो बुधला उन्हात पालथा घातला आणि दुसरा ओढला.