पिझ्झाच्या दुकानातला भूकंप

नायगावचा पिझ्झा म्हणजे वर कांदा टाकलेला पाव, असं माझी पोरगी म्हणते. म्हणू दे. तिला काय कळतंय! मी बियाण्याच्या कंपनीत फिरतीवरचा माणूस. आज मुखेड, उद्या हदगाव, परवा नायगाव. दुकानदारांशी बोलून बोलून घसा सुकला की दुपारी पोटात कावळे ओरडायला लागतात, आणि हल्ली तालुक्याच्या गावालाही बसस्टँडसमोर पिझ्झा मिळतो. त्यामुळे या विषयात माझा दांडगा अभ्यास आहे. नायगावला एका मुसलमान कुटुंबाची जुनी बेकरी आहे. त्यांचा पिझ्झा पावाच्याच भट्टीत भाजतात. जाड, खालून खरपूस, आणि चीज इतकं की तुकडा उचलला तर तार तुटता तुटत नाही. मुखेडला बाजाराच्या दिवशी तव्यावर झाकण ठेवून करतात आणि वर शेंगदाण्याची चटणी भुरभुरतात. हदगावचा मक्याच्या दाण्यांचा, गोडूस. तो मला आवडत नाही, पण समोर आला तर सोडतही नाही. देगलूरकडं वर तेलंगणातलं कारम टाकतात, म्हणजे लाल तिखट. खाल्लं की कानातून धूर निघतो. नांदेडचा तंदुरी, कोळशाच्या वासाचा. माझ्या मते तोच एक नंबर.

हे मी आता मिटक्या मारत सांगतोय, पण तेव्हा प्रत्येक घास मी भीत भीत खायचो. नांदेडच्या डॉक्टरांनी मला आधीच झापलं होतं. वजन वाढलंय, ब्लडप्रेशर वाढलंय, मैदा बंद, चीज बंद, रोज चालायचं. इथवर ठीक होतं. पण त्यांनी वर आणखी सांगितलं की छातीत जड वाटलं, हात भरून आला, दरदरून घाम फुटला किंवा गरगरलं, तर घरी बसून सोडा पीत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. झालं! त्या दिवसापासून मला रोज काहीतरी वाटायला लागलं. बसमध्ये डाव्या कुशीवर रेललो आणि हाताला मुंग्या आल्या की माझा जीव घाबरा. ढेकर आला तरी मी छातीवर हात ठेवायचो. बायको म्हणायची, "तुमचं काळीज म्हंजे उंदराचं हाय. मांजर नसलं तरी पळतंय."

बरोबर आहे तिचं. पण माझं काळीज असं का झालं, हे तिला माहीत होतं. आमचं गाव औश्याकडचं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होतो आणि माझी धाकटी बहीण माझ्याच शेजारी झोपली होती. मी निघालो, ती निघाली नाही. त्यावर याहून जास्त मला आजही बोलता येत नाही.

त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो तेव्हाची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. जमीन पुढं कितीतरी दिवस अधूनमधून हालत होती. कधी खरंच, कधी नुसती कुणाच्या मनात. आई आम्हाला सांगायची, "आदी बोंबल, मग इचार कर." कुणीही "हाललं!" म्हणून ओरडलं की अख्खी वस्ती बाहेर. आणि बाहेर आल्यावर एकेक जण म्हणायचा, "हाव, मलाबी जाणवलं." जाणवलेलं असो नसो. ओरडणाऱ्याला कुणी खोटं पाडायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. आज त्याला हसलं तर उद्या खरं हालल्यावर तो गप्प बसेल, आणि मग काय? म्हणून सगळे त्याच्या भीतीला होकार द्यायचे. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला एवढं द्यावं, असा आमच्याकडचा शिष्टाचारच होता.

पोरगी नांदेडात जन्मली, तिथंच वाढली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. दहावीनंतर ती डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लासला गेली. आमच्याकडं हल्ली पोरगं हुशार निघालं की लातूरला पाठवतात. ज्या जिल्ह्यातून जीव मुठीत धरून मी पळालो, तिथं मी माझ्या हातानं लेकीला सोडून आलो, आणि तेही तिसऱ्या मजल्यावर. होस्टेल बघायला गेलो तेव्हा मी खोली बघितलीच नाही. खांब बघत फिरलो, भिंतीवर हात मारून बघितला. मालकाला विचारलं, "पाया किती खोल हाय?" तो म्हणाला, "काका, पोरीला ठिवायचंय का बिल्डिंग इकत घ्यायचीय?" पोरगी लाजेनं लालबुंद.

दर रविवारी तिचा क्लासचा पेपर झाला की दुपारी मी एसटीनं लातूरला पोचायचो. बसून बसून तीही सुटली होती आणि मी तर काय, फुगलेलोच. म्हणून तिनं नियम घातला. आधी क्रीडा संकुलाच्या मैदानावर चालायचं, घाम गाळायचा, मग दोघांत मिळून एक पिझ्झा. एकच! ती पुढं झपाझप, मी मागं धापा टाकत. "पप्पा, तुमचं पोट आधी पोचतं आणि तुम्ही मागून येता," असं म्हणून हसायची. नंतर क्लासच्या गल्लीतल्या तळमजल्यावरच्या दुकानात दाराजवळच्या टेबलावर आम्ही बसायचो. दाराजवळच, हा नियम माझा.

लातूरचा पिझ्झा म्हणजे क्लासच्या पोरांचा पिझ्झा. पातळ, छोटा, पटकन मिळणारा, सॉस भरपूर. पोरं एका हातात नोट्स आणि एका हातात तुकडा घेऊन उभ्यानं खातात. पोरगी म्हणायची हाच सगळ्यात भारी. मी म्हणायचो, हट्, हा तर पापड! असं भांडण वाढत वाढत गेलं आणि एका रविवारी मी पैजच लावली. नांदेडचा तंदुरी पिझ्झा खोक्यात घालून, मांडीवर सांभाळत, लोहा-अहमदपूरच्या खड्ड्यांतून लातूरला नेला. बसमधली सगळी माणसं वासानं माझ्याकडं बघत होती.

त्या दिवशी ऊन कडक होतं. मैदानावर मला चालवेना. जबडा दुखत होता, पण मी म्हटलं दाढ असेल. पोरीनं विचारलं, "काय होतंय का?" मी म्हटलं, "कुठं काय! चल." दुकानदार माझ्याच वयाचा, लातूरचाच. मी दुसऱ्याचा पिझ्झा त्याच्या दुकानात आणला तरी तो रागावला नाही. "द्या भाऊ, गरम करून देतो, होऊन जाऊ द्या आज फैसला," म्हणाला. दोन्ही पिझ्झे समोर आले. पोरीनं नांदेडचा पहिला घास घेतला, डोळे मिटून चघळला, आणि काहीतरी बोलणार एवढ्यात खालची फरशी सरकली.

सरकली म्हणजे खरंच सरकली. टेबल डावीकडं कललं, वरच्या पंख्याचे दोन दिसले, पोटात खड्डा पडला. मला तो खड्डा ओळखीचा होता. मी बोंबललो, "भूकंप! भाईर! भाईर व्हा!" पोरीचं मनगट धरलं आणि तिला फरफटत रस्त्यावर आणलं. माझ्या मागं अख्खं दुकान. पोरं हातातल्या तुकड्यांसकट पळाली. कुणाची चप्पल राहिली, कुणाची बॅग. दुकानदार गॅस बंद करून धावत आला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडची, पलीकडच्या कापडाच्या दुकानातली माणसं बाहेर आली. लातूरमध्ये हा शब्द एकदा उच्चारला की दुसऱ्यांदा उच्चारावा लागत नाही.

"हाललं का?"

"हाव, जाणवलं."

"मलाबी. खालून आल्यासारखं," दुकानदार म्हणाला.

"आमच्या कपाटाची काच वाजली की!" कापडाच्या दुकानातल्या एक बाई म्हणाल्या.

मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे मी नाही. म्हणजे ती डॉक्टरांची यादी नाही, भूकंपच आहे. भूकंपातून मी एकदा वाचलोय, पोरगी माझ्या हातात आहे, डोक्यावर छप्पर नाही, आणखी काय पाहिजे? सदरा पाठीला चिकटला होता, तो पळाल्यामुळे. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटत होतं, ते भ्यालो म्हणून. मी विजेच्या खांबाला धरून उभा राहिलो.

पोरगी माझ्याकडं बघत होती. हळूच म्हणाली, "पप्पा, काहीच हाललं नाही."

"गप. एवढी मानसं सांगून राहिलीत ना?"

"माझ्यासमोर कोल्ड्रिंकचा ग्लास होता. काठोकाठ. थेंब नाही सांडला. तुम्ही उठलात तेव्हा सांडला."

मला असा संताप आला! चारचौघांत बापाला खोटं पाडते? आमच्या वस्तीत असं कुणी, कधीच कुणाला म्हटलं नव्हतं. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना. तिनं माझं मनगट धरलं. तिची बोटं गार पडली होती. "पप्पा, आत्ता हालतंय का? अजून?"

"हाव," मी म्हटलं. "हालून राहिलंय की. तुला कळंना का?"

ती सगळ्यांकडं वळली. मोठ्यानं विचारलं, "आत्ता कुणाला जाणवतंय का? खरं सांगा. प्लीज, खरं सांगा!"

आधी दुकानदारानं खाली बघितलं. "न्हाई ताई. आत्ताबी न्हाई आन मगाशीबी न्हाई. काका बोंबलले म्हून मी म्हनलं." कापडाच्या दुकानातल्या बाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आमचीबी काच... म्हंजे वाजली असंल असं वाटलं." झेरॉक्सवाला नुसती मान हालवत होता. एकेकानं आपापला होकार मागं घेतला. सगळ्यांच्या पायाखालची जमीन घट्ट झाली आणि फक्त माझ्या पायाखालची तेवढी हालत राहिली. आयुष्यात मी इतका कधीच भ्यालो नव्हतो, त्या भूकंपातसुद्धा नाही. तेव्हा सगळे मिळून भ्यालो होतो. इथं रस्ताभर माणसं होती आणि मी एकटा. भूकंपात घराबाहेर पळता येतं. आता कुठनं बाहेर पळू?

दुकानदारानं मोटरसायकल काढली. पुढं तो, मधी मी, मागं माझी पोरगी, दोन्ही हातांनी मला आवळून. ती सारखी माझ्या पाठीवर तोंड टेकवून म्हणत होती, "पप्पा, बोलत राहा. कोणता पिझ्झा भारी? सांगा ना, कोणता भारी?" मी म्हटलं, "नांदेडचा." ती रडत रडत म्हणाली, "हो, नांदेडचा, नांदेडचाच." एरवी ती मेली तरी कबूल झाली नसती. त्यावरून मला कळलं की माझं काही खरं नाही.

दवाखान्यात गेल्या गेल्या मला आत घेतलं. हृदयाची एक नस जवळजवळ बंद झाली होती. स्प्रिंग टाकली. बाहेर आणल्यावर डॉक्टर म्हणाले, रस्त्यावर गप्पा मारत अजून थोडा वेळ उभे राहिला असतात, तर आम्हाला काही करता आलं नसतं. कोपऱ्यात पोरगी उभी होती. तिच्या बाहीला सॉस लागला होता. बायको नांदेडहून निघाली होती, पोचायची होती. मी पोरीला म्हटलं, "तू डॉक्टर झालीस बग आजच." मला वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, "पप्पा, मला खात्री नव्हती. मला वाटलं, खरंच भूकंप झाला असेल आणि मी तुम्हाला परत एका बिल्डिंगच्या आतच नेत असेन." आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

मी वाचलो. आता ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खातो, सकाळी आमच्या कॉलनीत चालतो. मुखेड-हदगावला गेलो तर पिझ्झाच्या दुकानाकडं पाठ करून बसतो आणि नुसता वास घेतो. वजन उतरलंय. भीती मात्र उतरली नाही. चढावर छाती जरा धडधडली की मी कुणाच्या तरी ओट्यावर टेकतो आणि लातूरला फोन लावतो. बाकी कुणावर माझा आता विश्वास राहिला नाही. बायको म्हणते, काही नाही होत. शेजारी म्हणतात, वयानं होतं असं. पोरगी तसलं काही म्हणत नाही. ती नीट विचारते, कुठं, कसं, घाम आहे का, आणि मग सांगते, "बसा. पाणी प्या. आता उठा." मग मी उठतो. मला फार बरं वाटतं. पोरीला ते केवढ्याला पडतंय, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

परवा तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला. बिचकत बिचकत म्हणाली, "काका, एक सांगू का? ती वर्गातबी फोन मांडीवर घेऊन बसती. सरांनी दोनदा भाईर काढलं. वाचता वाचता मधीच उठून बगती, रिंग तर वाजली न्हाई ना. जेवण पन करंना. तुमी सांगितलं तर ऐकंल."

मी ठरवलं, आज काही होत नसताना फोन करायचा. छाती शांत होती, घाम नव्हता, मी घरात खुर्चीवर आरामात बसलो होतो. म्हटलं, हसून बोलू. विचारू, नांदेडचा भारी हे खरंच कबूल आहे का. फोन लावला. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत तिनं उचलला. "हॅलो" नाही, काही नाही. नुसतं "पप्पा?" म्हणाली. ढिगाऱ्यावर उभी राहून, हातानं दगड उपसत, आई माझ्या बहिणीला हाक मारत होती, त्या आवाजात.